हिवाळ्यातील नदी आणि मिशाळ मासा : कर्जत-खालापूर परिसरातील गोड्या पाण्याच्या मासेमारीचा एक ऐतिहासिक विचार

१

रायगड जिल्ह्यातील मासेमारीचा विषय निघाला म्हणजे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण येथील कोळीवाडे डोळ्यांसमोर उभे राहतात. कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके त्या चित्रात बसत नाहीत. येथे बंदर नाही, गलबत नाही, आणि मासळीचा मोठा व्यापारही नाही. साहजिकच येथील नद्यांतून मासा कसा, कोणी व केव्हा धरला, याची नोंद घेण्याचे कारण राज्यकर्त्यांना फारसे पडले नाही. ज्या व्यवहारातून मोठा महसूल निघत नाही तो दप्तरात उतरत नाही, आणि जो दप्तरात उतरत नाही तो इतिहासलेखनातून सहसा गळतो. तथापि ज्या व्यवहारावर पिढ्यान्‌पिढ्या शेकडो कुटुंबांची हिवाळ्यातील भाजी-भाकरी चालली, त्याचा विचार केल्याविना या प्रदेशाचा सामाजिक इतिहास पुरा होणार नाही.

प्रशासकीय इतिहासाचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. कर्जत तालुका व त्यास जोडलेला खालापूर पेटा हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून १८८२ साली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर सिद्ध झाले तेव्हा त्याचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या खंडात आले. पुढे १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला, आणि कुलाबा जिल्ह्याचेच नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले. या परिसराचा अभ्यास करणाऱ्यास ठाणे आणि कुलाबा अशा दोन्ही जिल्ह्यांचे कागद पाहावे लागतात ते यामुळे.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. शास्त्रज्ञांनी ज्यास दीर्घकाळ बार्बस या प्रजातीत गणले तो मिशाळ, खवलेदार, प्रवाहप्रिय मासा हिवाळ्यात या नद्यांतून धरण्याची परिस्थिती काय होती, आणि ती कशी व कधी पालटली? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता असे दिसून येते की, येथील हिवाळी मासेमारीचा इतिहास हा थंडीचा इतिहास नसून पाण्याचा इतिहास आहे. आणि ते पाणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत मनुष्याने पालटले.

२

प्रथम माशाविषयी. बार्बस हे नाव लॅटिनमधील दाढीवाचक शब्दावरून आले आहे, आणि ते या कुळातील माशांच्या तोंडाशी असलेल्या मिशांना उद्देशून आहे. युरोपातील नद्यांत या प्रजातीचा जो मासा आढळतो त्यास इंग्रजीत बार्बेल म्हणतात. हिंदुस्थानातील महाशीर, म्हणजे आपल्याकडे खडस अथवा खडशी म्हणून ओळखला जाणारा मासा, एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी याच प्रजातीत घातला होता. पुढील वर्गीकरणात त्यास टॉर या स्वतंत्र प्रजातीत स्थान मिळाले.

दख्खनच्या महाशिराचे शास्त्रीय नाव मराठी वाचकास विशेष जवळचे वाटावे असे आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या सेवेतील अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे जे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पाण्यात मिळालेल्या या माशास त्याने 'खुद्री' असे जातिनाम दिले. याच कुळातील दुसऱ्या एका माशास त्याने 'कोलस' म्हटले. ही नावे ग्रीक वा लॅटिन नाहीत. नदीकाठच्या लोकांच्या तोंडून ऐकलेली नावेच त्याने आपल्या लिपीत उतरून घेतली. म्हणजे दख्खनच्या मत्स्यशास्त्राच्या अगदी आरंभी मासे धरणाऱ्याचे ज्ञान शास्त्राच्या परिभाषेत शिरले. ज्यांच्याकडून ते ज्ञान घेतले त्यांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

युरोपातील बार्बेलच्या शिकारीत हिवाळा हा निर्णायक काळ समजतात, आणि त्याचे कारण थंडी हेच आहे. सतराव्या शतकातील आयझाक वॉल्टन या इंग्रज ग्रंथकाराने १६५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात, उन्हाळ्यात उथळ व वेगवान प्रवाहात राहणारा हा मासा हिवाळा जवळ येताच खोल व संथ पाण्यात उतरतो, असे निरीक्षण केले आहे. पाणी फार थंड झाले की त्याचे खाणे मंदावते आणि गळास तो सहसा लागत नाही. हिमालयातील महाशीरही बर्फाचे पाणी उतरू लागल्यावर खालच्या, उबदार पट्ट्यांकडे सरकतो. या दोन्ही ठिकाणी ऋतूचे शासन तापमानाच्या द्वारे चालते.

कर्जत-खालापूरची गोष्ट निराळी आहे. पौष-माघात पहाटेच्या वेळी माथेरान आणि राजमाचीच्या कुशीतील वाड्यांवर चांगलीच थंडी पडते, नदीवर धुके उतरते आणि शेकोट्या पेटतात. परंतु येथील पाणी कधी इतके गार होत नाही की माशाने खाणे सोडावे. पहाटेच्या गारव्याने तो थोडा मंद होतो, आणि उन्हे चढली की उथळ भागाकडे सरकतो. थंडीचा परिणाम एवढाच. माशाचे हिवाळ्यातील जीवन येथे ठरते ते पाणी किती उरले, ते वाहते की साचलेले, आणि ते किती निवळले, या तीन गोष्टींवर.

३

या प्रदेशातील जलचक्र समजण्यास अवघड नाही. उल्हास नदी बोरघाटाच्या उत्तरेस, राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गाने उत्तरेकडे जाते. पेज, चिल्हार, पोशीर या कर्जत तालुक्यातील नद्या तिला मिळतात. पाताळगंगा खंडाळ्याच्या कड्याखाली, खोपोलीजवळ आकार घेते आणि खालापूर तालुक्यातून पश्चिमेकडे वाहत धरमतरच्या खाडीस जाते. दोन्ही नद्यांवर पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच, पण प्रचंड पडतो. खडक काळा, कठीण व उतार तीव्र, यामुळे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी धावत सुटते. परिणामी आषाढात गुरे वाहून नेणारी नदी माघात जागोजाग तुटलेली असे. दगडगोट्यांच्या पात्रात मधूनमधून डोह उरत, आणि त्यांना जोडणारी एखादी बारीक धार.

या चक्राशी माशाचे जीवन बांधलेले आहे. पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि ओढ्या-ओहोळांतून थेट भातखाचरांपर्यंत पोहोचतात. ही वलगण. वलगणीचे मासे हा कर्जत-खालापुरात आजही कौतुकाचा विषय आहे. महाशीर पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस, नदी भरून वाहत असताना, अंडी घालतो. पाऊस ओसरू लागला की मासे पुन्हा खाली उतरतात, आणि हिवाळा लागेपर्यंत मोठे मासे डोहांत जमा होतात.

म्हणून पूर्वीच्या काळी हिवाळी मासेमारी म्हणजे मुख्यतः डोहाची मासेमारी होय. पावसाळ्यात मासा माणसाकडे येई, तर हिवाळ्यात माणसास माशाच्या मुक्कामी जावे लागे. कोकणात अशा डोहास कोंड असेही म्हणतात. विशेष हे की, कोंड हा शब्द कोकणात वस्तीलाही लावतात. शब्दाचा इतिहास काहीही असो, ज्या पाण्याने उन्हाळा निभावतो त्याच्या आसपासच वस्ती टिकते, एवढा अनुभव त्या व्यवहाराशी विसंगत नाही.

४

डोहातील मासा धरण्याच्या रीती अनेक होत्या. गळ टाकणे ही सर्वांत शांत व एकट्याने करावयाची रीत. स्वच्छ, निवळलेल्या हिवाळी पाण्यात मोठा मासा सावध असतो. काठावरची सावली हलली तरी तो दडतो. त्यामुळे गळकऱ्यास पहाटेची अथवा तिन्हीसांजेची वेळ साधावी लागे. पाग, म्हणजे हाताने फेकावयाचे गोल जाळे, डोहाच्या तोंडाशी आणि उथळ पाण्यात चाले. ओहोळास दगडमातीचा बांध घालून पाणी वळविणे व उरलेले उपसणे, बांबूच्या कामट्यांचे विणलेले सापळे धारेच्या तोंडी लावणे, आणि दगडांच्या कपारीत हात घालून मासा चाचपून काढणे, या रीतींना पैसा लागत नसे. लागत असे ते पात्राचे सूक्ष्म ज्ञान आणि थंड पाण्यात तासन्‌तास उभे राहण्याची तयारी.

चौथी रीत पाणी मातविण्याची. गेळाची फळे, किन्हईची साल, रामेठा अशा वनस्पती ठेचून डोहात कालविल्या म्हणजे माशाच्या कल्ल्यांच्या कार्यात बाधा येते आणि तो गुंगून वर येतो. असा मासा शिजवून खाण्यास सामान्यतः अपाय होत नाही. ही रीत वाहत्या पाण्यात निरुपयोगी आहे. डोह साचलेला असला तरच ती लागू पडते. म्हणजे पाऊस गेल्यानंतरची तुटक नदी हीच तिची पूर्वअट होती. येथे पाण्याची अवस्था व माणसाचे तंत्र यांचा संबंध अगदी स्पष्ट दिसतो.

ही मासेमारी करणारे लोक कोण? शेतकरी कुटुंबेही फावल्या वेळी नदीत उतरत. परंतु हिवाळ्यात नदीवर ज्यांचे पोट विशेष अवलंबून असे ते कातकरी, आणि काही प्रमाणात ठाकूर. कातकऱ्यांचे नावच खैराचा कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेले, आणि तो धंदाही थंडीच्या दिवसांतला. भात झोडून झाले, मजुरी आटली, की रान आणि नदी हे त्यांचे दोन आधार राहत. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची व्याप्ती वाढत गेली, खैर तोडण्यावर निर्बंध आले आणि पहिला आधार खिळखिळा झाला. अशा स्थितीत नदीचे महत्त्व वाढले असल्यास नवल नाही.

नदीकडेही कायद्याची दृष्टी लवकरच वळली. १८७३ साली दोन ग्रंथ बाहेर पडले. फ्रान्सिस डे याचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील अहवाल हा एक, आणि दक्षिण कानड्याचा कलेक्टर राहिलेला एच. एस. थॉमस याचा हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवरील ग्रंथ हा दुसरा. थॉमसच्या ग्रंथाने महाशिरास साहेबलोकांच्या शिकारीत मानाचे स्थान दिले. बारीक आसाची जाळी, विष आणि स्फोटके यांनी होणाऱ्या नाशाकडे सरकारचे लक्ष वेधण्याचे कार्य अशा लेखनाने केले. शेवटी १८९७ चा हिंदी मत्स्य कायदा संमत झाला. मासे मारण्याच्या हेतूने पाण्यात स्फोटके वापरणे आणि विष कालविणे हे दोन्ही गुन्हे ठरले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोनशे रुपयांपर्यंत दंड.

या कायद्याचे मूल्यमापन करताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सुरुंगाची दारू ही नदीकाठच्या माणसाची परंपरा नव्हे. ती रेल्वे, रस्ते आणि खाणी यांच्या कामांबरोबर आली. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये खुली झाली ती डोंगर फोडूनच. उलटपक्षी गेळाचे फळ हे रानातले, क्षणिक परिणामाचे साधन. दोहोंनी लहानमोठा मासा सरसकट मरतो हे खरे, आणि संरक्षणाच्या दृष्टीने दोहोंना आळा घालणे योग्यच होते. परंतु एकच कलमी भाषा दोघांना लावताना, एकाच्या मागे नव्या बांधकामाची दारू व दुसऱ्याच्या मागे रिकामी चूल आहे, हा फरक कायद्याच्या शब्दांत दिसत नाही. इतिहासाने तो दाखविला पाहिजे.

५

तथापि डोह हे केवळ मासे मारण्याचे ठिकाण होते असे समजणे चूक होईल. डोह राखण्याचीही एक परंपरा महाराष्ट्रात होती. रायगड जिल्ह्यातच, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तेथील महाशिरांना देवाचे मासे मानतात आणि कोणी त्यांस धरीत नाही. घाटावर देहू येथे इंद्रायणीच्या डोहातील माशांना असेच अभय होते. तुकोबांच्या गाथेच्या कथेने पुनीत झालेल्या पाण्यात जाळे टाकणे लोकांना पाप वाटे.

धार्मिक श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी या परंपरेचे ऐहिक फळ उघड आहे. तुटक नदीत हिवाळा-उन्हाळा काढणारे मोठे मासे हेच पुढील पावसाळ्यातील बीज होय. एखादा तरी डोह अबाधित राहिला, तर वलगणीला वर चढण्यासाठी मासा उरतो. सगळेच डोह उपसले वा मातविले, तर पुढील आषाढात नदी भरते, पण मासा येत नाही. देवराई रानाचे बी राखते, त्याप्रमाणे देवाचा डोह नदीचे बी राखतो.

मासेमारीचा विचार शास्त्र म्हणून करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. माशांचे वर्ग, त्यांचे खाद्य, गळाची दोरी व काठी यांचा त्यात विचार आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय परामर्श घेऊन त्याचे महत्त्व दाखवून दिले. त्या काळी उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता होती, आणि हा ग्रंथ घाटावरील राजसभेचा. तेव्हा त्यातील मजकूर उल्हासेच्या काठास जसाचा तसा लावता येणार नाही. परंतु एक गोष्ट त्यावरून निश्चित होते. माशाची सवय ओळखून त्यास चारा घालणे व मग गळ टाकणे ही कला इंग्रज अधिकाऱ्यांनी येथे आणली, हा समज निराधार आहे.

६

आता ज्या घटनेने या नद्यांचा हिवाळाच पालटला तिच्याकडे वळू. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात वळवण, लोणावळे व शिरवटा येथे तलाव बांधून त्यांचे पाणी कड्यावरून नळांवाटे खाली खोपोलीस आणावयाचे, सुमारे १,७०० फुटांच्या उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी ही योजना होती. वळवण धरणाचा पायाचा दगड १९११ मध्ये बसला व खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण होऊन त्याच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये चालू झाले. तिसरे वीजगृह भिरा येथे १९२७ मध्ये झाले. त्याच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह महाराष्ट्रास परिचित आहे.

भूगोलाच्या दृष्टीने येथे घडले ते असाधारण होते. वळवण, शिरवटा, आंध्रा यांचे पाणी स्वभावतः इंद्रायणीतून भीमेस व भीमेतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जाणारे. तेच आता जलविभाजक ओलांडून अरबी समुद्राकडे निघाले. खोपोलीचे सुटलेले पाणी पाताळगंगेत पडले, आणि भिवपुरीचे पाणी पेज नदीच्या वाटेने उल्हासेस मिळाले. देहूच्या डोहाकडे जाणाऱ्या पाण्याचा एक हिस्सा खालापूर-कर्जतच्या दगडगोट्यांवरून वाहू लागला.

मुळशीच्या वरच्या बाजूस शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, म्हणून तेथे लढा झाला व त्याचा इतिहास लिहिला गेला. कड्याच्या खालच्या बाजूस काही बुडाले नाही. उलट नदीस पाणी मिळाले. म्हणून तेथे काय पालटले हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. वस्तुतः पालट मूलगामी होता. ज्या नद्या माघात डोहाडोहांत तुटत, त्यांच्या वीजगृहाखालील भागात बारमाही प्रवाह आला. विजेचे पाणी हिवाळ्यातही थांबत नाही, कारण गिरणीस हिवाळ्यातही वीज लागते.

मासे धरणाऱ्यावर याचा परिणाम काय झाला असेल, हे पात्राच्या स्थितीवरून ठरविता येते. वाहत्या नदीत ओहोळ अडवून उपसणे साधत नाही. गेळाचे फळ कालवून उपयोग नाही, कारण पाणी ते वाहून नेते. कपारीतला मासा हाताने काढण्यास पाणी उतरावे लागते. म्हणजे साचलेल्या पाण्यावर आधारलेल्या, बिनपैशाच्या आणि मुख्यतः गरिबांच्या रीती मुख्य प्रवाहात मागे पडावयास हव्यात, आणि पाग, लांब जाळी व गळ यांस प्राधान्य यावयास हवे. मात्र वीजगृहाचे पाणी न मिळालेल्या उपनद्यांत व ओढ्यांत जुनी हिवाळी नदी, आणि तिच्याबरोबर जुन्या रीतींची शक्यता, कायम राहिली. एकाच तालुक्यात दोन हिवाळे नांदू लागले, एक वाहता व एक साचलेला.

माशाच्या दृष्टीने पाहता वाहते, प्राणवायूयुक्त पाणी मिशाळ माशास मानवणारे आहे, आणि मोठ्या माशास हिवाळाभर पसरावयास जागाही मिळाली. परंतु हे पाणी पावसाच्या तालावर चालत नाही. ते वीजमागणीच्या तालावर चालते. शहरात दिवे लागले, यंत्रे फिरली, की नदी चढते, आणि मागणी ओसरली की ती उतरते. पूर्वी नदीच्या वर्षातील ऋतू ओळखावे लागत. आता दिवसातील घटका ओळखाव्या लागतात. पाणी सुटण्याची वेळ न जाणता पात्रात उतरणे हे आता धोक्याचेही ठरते.

७

बारमाही पाण्याने इतर गोष्टीही ओढून आणल्या. १९६० नंतर पाताळगंगेच्या काठी रसायनीचा औद्योगिक पट्टा वाढला. कारखान्यांना जे निश्चित पाणी हवे होते ते या नदीत होते, आणि ते तेथे होते याचे कारण खोपोलीचे वीजगृह. उल्हासेच्या खालच्या भागात बदलापूर, कल्याण, उल्हासनगर या शहरांची व औद्योगिक वसाहतींची तहान याच प्रवाहावर भागते. अशा रीतीने १९१५ पासून सुरू झालेला हिवाळी प्रवाह आधी वीज देणारा, मग कारखाने पोसणारा व शेवटी शहरे जगविणारा झाला. त्याच बरोबर सांडपाण्याचा भारही नदीवर आला. साचलेल्या डोहाची भीती विषाची होती. वाहत्या नदीची भीतीही विषाचीच झाली. ते विष मात्र मासे धरण्यासाठी कोणी कालविलेले नव्हते.

घाटमाथ्यावर याच तलावांच्या काठी महाशिराच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण घडले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महाशिराची अंडी घालण्याची रीत व अंड्यांची वाढ यांवरील संशोधन १९७० च्या सुमारास मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या दशकापासून लोणावळ्यास वळवण येथील टाटांच्या केंद्रात महाशिराचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले आणि तेथील बीज देशातील अनेक नद्या-तलावांत सोडण्यात आले. दुर्मिळ होत चाललेल्या माशास यामुळे मोठा आधार मिळाला, हे निःसंशय.

परंतु या यशासही दुसरी बाजू आहे. कावेरीत सोडलेल्या दख्खनी महाशिराचा तेथे इतका प्रसार झाला की, कावेरीचा स्वतःचा थोर महाशीर नामशेष होण्याच्या मार्गास लागला, असे २०१५ पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. एका नदीचे पाणी दुसरीत आणि एका नदीचा मासा दुसरीत घालण्याचे हे दोन प्रसंग एकाच डोंगरकड्याशी निगडित असावेत, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. दोन्ही ठिकाणी हेतू चांगला होता. दोन्ही ठिकाणी परिणाम दूर, दुसऱ्याच्या दारी जाऊन उमटला.

८

हा सर्व इतिहास आज उकरण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे आहे की, या पाण्याचा प्रश्न मिटलेला नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७३ च्या निवाड्यात खोऱ्याबाहेर पश्चिमेकडे वळविलेल्या पाण्यास मर्यादा घातल्या. भीमेच्या खोऱ्यात अवर्षण पडले म्हणजे, विजेसाठी कोकणात उतरविले जाणारे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडावे, अशी मागणी पुढे येते. ती मागणी अन्याय्य आहे असे म्हणता येणार नाही. सोलापूर-पंढरपूरकडील शेतकऱ्याचा त्या पाण्यावरील हक्क निसर्गदत्त आहे. दुसरीकडे बदलापूर-कल्याणच्या लाखो लोकांचा घसा त्याच पाण्यावर ओला होतो. या दोन मोठ्या पक्षांच्या वादात तिसऱ्या एका लहान पक्षाचा आवाज कोठेच ऐकू येत नाही. हिवाळ्यात पात्रात उतरणारा माणूस तो हाच.

१९१५ साली नदी वाहती झाली तेव्हा त्यास कोणी विचारले नाही. उद्या ती पुन्हा तुटली तर तेव्हाही त्यास विचारले जाईल, असे मानावयास आधार नाही. आणि त्या वेळी नदी पूर्ववत झाली असे म्हणता येणार नाही. जुन्या तुटक नदीत डोह होते, डोहांना नावे होती, कोणता डोह उपसावा व कोणता राखावा याचे संकेत होते, आणि भोवती रान होते. शंभर वर्षे वाहत्या राहिलेल्या नदीचे पाणी काढून घेतल्यास उरतील ते निवळ शंखासारख्या पाण्याचे डोह नव्हेत. सांडपाणी साचलेले खड्डे उरण्याचीच भीती अधिक. पाणी परत नेता येते, पण त्या पाण्याभोवती घडलेला व्यवहार परत आणता येत नाही.

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने एक साधे काम तातडीने हाती घेतले पाहिजे. उल्हास, पेज, चिल्हार, पोशीर आणि पाताळगंगा यांच्या काठच्या वाड्यांतून फिरून डोहांची नावे, माशांची स्थानिक नावे, जाळ्या-सापळ्यांचे प्रकार आणि डोह राखण्याचे संकेत यांची वृद्धांच्या तोंडून नोंद केली पाहिजे. वीजगृहाखालील वाहत्या भागातील व त्यावरील तुटक भागातील नोंदी वेगळ्या ठेवल्या, तर एकाच पिढीच्या स्मृतीत दोन हिवाळ्यांची तुलना करता येईल. साइक्सने १८३९ मध्ये खुद्री आणि कोलस ही दोन नावे टिपली, आणि ती जगाच्या शास्त्रात चिरस्थायी झाली. त्या नावांमागची माणसे टिपण्याचे राहून गेले. ते काम आपले आहे.